दोन मित्र, एक मोटारसायकल आणि एक खंड

चलनी नोटेवरील स्वाक्षरी हा बँकेच्या जगात मोठ्या जबाबदारीचा विषय. ती पूर्ण नावानिशी आणि रीतसर असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. क्यूबाच्या राष्ट्रीय बँकेने १९६० साली काढलेल्या नोटांवर मात्र अध्यक्षांची स्वाक्षरी म्हणून केवळ ‘चे’ एवढे टोपणनाव आढळते. हे अध्यक्ष म्हणजे एर्नेस्तो चे गव्हेरा. नोव्हेंबर १९५९ पासून फेब्रुवारी १९६१ पर्यंत ते त्या बँकेच्या अध्यक्षपदी होते. जग त्यांना क्रांतिकारक म्हणून ओळखते आणि त्यांच्या मार्गाविषयी आजही टोकाची मतभिन्नता आहे.

या लेखाचा विषय मात्र ते पदही नव्हे आणि ती क्रांतीही नव्हे. नोटेवर ती स्वाक्षरी उमटण्यापूर्वी आठ वर्षे, वैद्यकशास्त्राचा तेवीस वर्षांचा एक विद्यार्थी आपल्या मित्राच्या जुन्या मोटारसायकलवर बसून दक्षिण अमेरिका पाहावयास निघाला होता. त्या मित्राचे नाव आल्बेर्तो ग्रानादो. मोटारसायकल आल्बेर्तोची, भ्रमंतीचे जुने स्वप्नही त्याचे. प्रसिद्धी मात्र पुढे दुसऱ्याच्या वाट्यास आली. लांबच्या प्रवासात सोबतीचे मोल काय असते, हे समजून घ्यावयाचे तर या आल्बेर्तोकडे थोडे अधिक लक्ष द्यावयास हवे.

दम्याचा रुग्ण आणि रग्बीचा प्रशिक्षक

आल्बेर्तो ग्रानादोचा जन्म १९२२ सालचा, अर्जेंटिनातील कोर्दोबा प्रांतातला. शिक्षणाने तो जीवरसायनशास्त्रज्ञ. बोलका, विनोदी, माणसांत रमणारा आणि हिशेबाने पावले टाकणारा. एर्नेस्तो त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. बालपणीच दम्याने गाठल्यामुळे त्याचे कुटुंब कोरड्या हवेसाठी कोर्दोबाच्या डोंगराळ भागात राहावयास आले होते. आल्बेर्तोचा धाकटा भाऊ तोमास हा एर्नेस्तोचा शाळासोबती. आल्बेर्तो तरुण मुलांना रग्बी शिकवीत असे. धाप लागणाऱ्या मुलाने या दांडग्या खेळाच्या वाटेस जाऊ नये, असे कोणीही म्हटले असते. आल्बेर्तोने त्याला खेळावयास घेतले. या मैत्रीची सुरुवात अशी एका विश्वासातून झाली.

१९४३ मध्ये विद्यार्थ्यांच्या आंदोलनात आल्बेर्तोला तुरुंगवास घडला, तेव्हा शाळकरी एर्नेस्तो तोमासबरोबर त्याला भेटावयास जात असे. पुढे आल्बेर्तो सान फ्रान्सिस्को देल चान्यार येथील कुष्ठरुग्णालयात काम करू लागला. १९५० साली एर्नेस्तोने सायकलला लहानसे इंजिन जोडून उत्तर अर्जेंटिनाची एकट्याने भ्रमंती केली, तेव्हा त्या वाटेवरही तो आल्बेर्तोच्या रुग्णालयात मुक्कामास गेला. एकाला रोग्यांविषयी आस्था, दुसऱ्याला रस्त्याची ओढ. आणि दोघांनाही एकमेकांच्या छंदाची गोडी. पुढच्या मोठ्या प्रवासाची बीजे येथे आहेत.

द्राक्षवेलीखालचा बेत

१९५१ च्या ऑक्टोबरमध्ये कोर्दोबातील आल्बेर्तोच्या घरी, द्राक्षवेलीच्या मांडवाखाली, ‘माते’ हे तिकडचे कडवट पेय पीत दोघे मित्र गप्पा मारीत बसले होते. समोर मोटारसायकल उभी होती. आल्बेर्तो नोकरीला कंटाळला होता, एर्नेस्तोला परीक्षांचा उबग आला होता. बोलता बोलता विषय निघाला, की याच वाहनावरून थेट उत्तर अमेरिकेपर्यंत का जाऊ नये? अशा बेतांचा उत्साह बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरतो. येथे तसे घडले नाही.

या बेताची किंमत लहान नव्हती. एकोणतीस वर्षांच्या आल्बेर्तोने हातची नोकरी सोडली. एर्नेस्तोची पदवी अवघ्या काही विषयांवर येऊन ठेपली होती. परत येऊन ती पूर्ण करीन, असे वचन त्याने आईला दिले. हे वचन तो पुढे पाळणार होता आणि त्याच वचनामुळे दोघा मित्रांची ताटातूट होणार होती.

वाहन होते नॉर्टन कंपनीचे, १९३९ सालचे, ५०० सीसी क्षमतेचे. आल्बेर्तोने त्याचे नाव ठेवले होते ‘ला पोदेरोसा दुसरी’. पोदेरोसा म्हणजे सामर्थ्यशालिनी. पहिली पोदेरोसा ही त्याच्या विद्यार्थिदशेतील साधी सायकल होती! बारा वर्षे वापरलेल्या या दुसरीच्या अंगी नावाइतके सामर्थ्य उरले नव्हते. त्यात तंबू, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी आणि दोन धडधाकट तरुण असा भार तिच्यावर पडला.

तारेने बांधलेली सामर्थ्यशालिनी

डिसेंबरअखेरीस कोर्दोबा सोडून ते ब्युनोस आयर्सला आले आणि ४ जानेवारी १९५२ रोजी तेथून निघाले. पहिलाच मोठा मुक्काम मोडता मोडेना. समुद्रकिनाऱ्यावरील मिरामार येथे एर्नेस्तोची प्रेयसी सुटीसाठी आली होती. तिला भेट देण्यासाठी त्याने कुत्र्याचे एक पिल्लू वाटभर सांभाळून आणले होते. दोन दिवसांचा ठरलेला मुक्काम आठ दिवस लांबला. आपला सहप्रवासी येथूनच माघारी फिरतो की काय, ही धास्ती आल्बेर्तोला वाटली असल्यास नवल नाही. तरी तो थांबून राहिला. पुढे चोएले चोएल या गावी एर्नेस्तो तापाने फणफणला आणि काही दिवस रुग्णालयात पडून राहिला. तेव्हाही थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते. आंदीज पर्वताच्या पायथ्याशी बारिलोचे येथे प्रेयसीने संबंध तोडल्याचे पत्र आले. आता मागे ओढणारा एक धागा कमी झाला होता.

दरम्यान मोटारसायकलने आपले खरे वय दाखविण्यास प्रारंभ केला होता. कच्चे रस्ते, वाळू, वारा आणि मागे बांधलेले जड सामान यांमुळे तोल जाऊन पडणे हा नित्यक्रम झाला. एखादा भाग तुटला की तारेने बांधावयाचा आणि पुढे निघावयाचे, हे एर्नेस्तोचे आवडते तंत्र. फेब्रुवारीच्या मध्यास पर्वतातील सरोवरे ओलांडून ते चिलीत शिरले. त्या वेळी भाड्याचे पैसे वाचविण्यासाठी होडीत साचणारे पाणी पंपाने उपसण्याचे काम त्यांनी पत्करले.

तेमुको या गावी एका स्थानिक वृत्तपत्राने त्यांची बातमी छापली. कुष्ठरोगाचे दोन अर्जेंटिनी तज्ज्ञ मोटारसायकलवरून दक्षिण अमेरिकेचा दौरा करीत आहेत, असा तिचा आशय होता. दोघांपैकी एक अद्याप पदवीधरही नव्हता, हे वाचकांना कसे कळावे? त्या कात्रणाने मात्र पुढच्या अनेक गावांत जेवणाची आणि निवाऱ्याची सोय केली.

परंतु कात्रण दाखवून गिअरपेटी दुरुस्त होत नाही. तेमुकोच्या पुढे एकामागून एक भाग निकामी होत गेले. एका उतारावर ब्रेकही लागेना. अखेर चढावर इंजिनाने हार पत्करली. मालमोटारीत घालून ‘पोदेरोसा’ला सान्तियागोला आणण्यात आले आणि तेथेच तिचा निरोप घेण्यात आला. तेव्हा मार्च नुकताच उजाडला होता. ‘मोटारसायकलवरचा प्रवास’ म्हणून जगप्रसिद्ध झालेल्या सुमारे सात महिन्यांच्या या यात्रेत मोटारसायकलचा सहभाग जेमतेम दोन महिन्यांचा होता.

वाहन गेले, माणसे भेटली

येथवर आलेले बहुतेक प्रवासी आगगाडीचे तिकीट काढून घरी परतले असते. आल्बेर्तोचे तर स्वतःचे वाहन गेले होते. दोघांनी पाठीवर पिशव्या बांधल्या आणि उत्तरेचा रस्ता धरला.

या बदलाचा अर्थ एर्नेस्तोने आपल्या दैनंदिनीत नेमका टिपला आहे. मोटारसायकल होती तोवर लोक कुतूहलाने भोवती जमत आणि भटक्यांमध्येही त्यांचा एक मान होता. आता ते हात दाखवून मालमोटारी थांबविणारे दोन फाटके तरुण होते. मदत मिळाली तर मिळाली. पण याच कारणाने, जी माणसे वेगाने जाणाऱ्या वाहनावरून नुसती दिसली असती, ती आता शेजारी बसून बोलू लागली.

वाल्पाराइसो बंदरात दमा व हृदयविकाराने जर्जर झालेल्या एका वृद्ध स्त्रीला एर्नेस्तोने तपासले. तिच्या आजारावर त्याच्याजवळ इलाज नव्हता. कमवू न शकणारे माणूस गरिबाच्या घरात कसे ओझे होते, याचेच दर्शन त्याला तेथे घडले. पुढे मालवाहू जहाजावर लपून, पकडले गेल्यावर साफसफाईची कामे करून, ते अंतोफागास्ताला पोहोचले. वाळवंटातील बाकेदानो येथे रात्रीच्या कडाक्याच्या थंडीत त्यांना एक मजूर दांपत्य भेटले. नवरा साम्यवादी पक्षाशी असलेल्या संबंधामुळे तीन महिने तुरुंगात राहून आला होता आणि कामाच्या शोधात गंधकाच्या खाणींकडे निघाला होता. त्यांच्याजवळ पांघरावयास काहीही नव्हते. मित्रांनी आपल्याकडील एक घोंगडी त्यांना दिली आणि उरलेली एक दोघांत घेऊन रात्र काढली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी चुकिकामाता येथील तांब्याची प्रचंड खाण पाहिली, तेव्हा तेथील यंत्रांच्या भव्यतेइतकाच तो कुडकुडणारा मजूरही त्यांच्या मनात होता.

पेरूमध्ये तितिकाका सरोवर, कुस्को आणि माचू पिच्चू पाहून ते लिमाकडे वळले. खिसा रिकामाच होता. त्यावर त्यांनी एक युक्ती शोधली. खाणावळीत बसून, आपल्या प्रवासाला आज बरोबर एक वर्ष झाले आणि साजरे करावयास पैसे नाहीत, असे एकाने मोठ्याने म्हणावयाचे. कोणी दयाळू गृहस्थ पेय पाजावयास पुढे येई. दुसरा पेला आला की एर्नेस्तो संकोचाने नकार देई. कारण विचारल्यावर, आमच्या देशात काही खाल्ल्याशिवाय पिण्याची रीत नाही, असे सांगे! मग जेवणही येई. या नाटकात दोन पात्रे लागत. एकट्याला ते साधले नसते.

नाटकापलीकडेही सोबतीचे प्रसंग होते. दम्याचा झटका येई तेव्हा सुई उकळून एर्नेस्तोला अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन देण्याचे काम आल्बेर्तोकडे असे. उंच पर्वतप्रदेशात आणि दमट अरण्यात हे वारंवार करावे लागले. दैनंदिनी वाचताना ही वाक्ये सहज नजरेआड होतात. त्यांच्यावाचून मात्र हा प्रवास पुरा झाला नसता.

सान पाब्लोचे बारा दिवस

लिमामध्ये कुष्ठरोगाचे ख्यातनाम तज्ज्ञ डॉ. उगो पेस्से यांनी दोघांना आश्रय दिला आणि अ‍ॅमेझॉनच्या काठावरील सान पाब्लो कुष्ठवसाहतीकडे पाठविले. जून १९५२ मध्ये ते तेथे पोहोचले. सुमारे सहाशे रुग्ण तेथे झोपड्या बांधून राहत असत.

कुष्ठरोगाचे जंतू नॉर्वेचे शास्त्रज्ञ हान्सेन यांनी १८७३ सालीच शोधले होते. हा रोग सहजासहजी पसरत नाही, हे वैद्यकाला ठाऊक होते आणि १९४० नंतरच्या दशकात सल्फोन गटातील औषधांमुळे उपचारही शक्य झाले होते. समाजाची भीती मात्र जुनीच होती. महाराष्ट्रातील वाचकांना ती परिस्थिती सहज उमगेल. त्याच वर्षांत वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांच्या आनंदवनाची उभारणी चालू होती.

आल्बेर्तोला अशा रुग्णांमध्ये वावरण्याचा अनुभव होता. दोघांनी हातमोजे न घालता रुग्णांशी हस्तांदोलन केले, त्यांच्या शेजारी बसून गप्पा मारल्या आणि त्यांच्याबरोबर फुटबॉल खेळले. १४ जून रोजी एर्नेस्तोला चोविसावे वर्ष पूर्ण झाले. त्या रात्री सर्व लॅटिन अमेरिका एक आहे, अशा आशयाचे छोटे भाषण त्याने केले. त्याच मुक्कामात तो अ‍ॅमेझॉनचे रुंद पात्र पोहून पार करून गेला. पुढे निघण्याची वेळ आली तेव्हा रुग्ण होडीतून गाणी म्हणत निरोप द्यावयास आले. वाद्य वाजविणाऱ्याच्या उजव्या हाताला बोटे नव्हती. मनगटाला बांधलेल्या काड्यांनी तो सूर काढीत होता. वसाहतीतील लोकांनी दोघांसाठी लाकडी तराफा बांधून दिला आणि त्याचे नाव ठेवले ‘माम्बो-टँगो’.

तराफा हाकण्याचे कौशल्य कोणालाच नव्हते. दोघे झोपेत असताना तो ठरलेल्या लेतिसिया गावाच्या पुढे वाहत गेला आणि त्यांना उलट दिशेने परतावे लागले. कोलंबियातील त्या गावी दोघांनी फुटबॉल संघाचे प्रशिक्षकपद सांभाळले आणि तेथून विमानाने बोगोता गाठले. जुलैच्या मध्यास ते व्हेनेझुएलाच्या राजधानीत, काराकासला पोहोचले.

निरोप

उत्तर अमेरिकेपर्यंत बरोबर जाण्याचा बेत येथे संपला. आल्बेर्तोला काराकासजवळील कुष्ठरुग्णालयात काम मिळाले. एर्नेस्तोपुढे आईला दिलेले वचन होते. एका मालवाहू विमानात शर्यतीच्या घोड्यांसोबत जागा मिळाली. ते मायामीमार्गे मायदेशी जाणार होते. पदवी घेऊन परत ये, येथे तुझ्यासाठी काम आहे, असे आल्बेर्तोने त्याला सांगितले. २६ जुलै १९५२ रोजी विमान सुटले. मायामीत विमानाच्या दुरुस्तीसाठी सुमारे महिनाभर अडकून एर्नेस्तो घरी पोहोचला.

त्याने १९५३ मध्ये पदवी घेतली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये तो पुन्हा उत्तरेकडे निघाला. या वेळी मुक्कामाचे ठिकाण व्हेनेझुएला, म्हणजेच आल्बेर्तो, असे ठरले होते. वाटेत इक्वेडोरमध्ये त्याने बेत बदलला आणि तो ग्वाटेमालाकडे वळला. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. आल्बेर्तोने आपले संशोधन चालू ठेवले.

आठ वर्षांनी, जुलै १९६० मध्ये, दोघे हवानामध्ये पुन्हा भेटले. एर्नेस्तो तेव्हा राष्ट्रीय बँकेचा अध्यक्ष होता. आल्बेर्तो १९६१ मध्ये कुटुंबासह क्यूबात स्थायिक झाला. तेथे त्याने मंत्रालयात अधिकारपद भूषविले नाही, तर प्रयोगशाळा आणि वर्ग निवडला; सान्तियागो दे क्यूबा येथील वैद्यकीय शिक्षणसंस्थेच्या उभारणीत त्याचा मोठा वाटा होता. १९६५ मध्ये क्यूबा सोडून जाण्यापूर्वी एर्नेस्तोने या मित्रासाठी साखर उद्योगाच्या इतिहासावरील एक ग्रंथ आठवण म्हणून ठेवला. ऑक्टोबर १९६७ मध्ये बोलिव्हियात एर्नेस्तोचा अंत झाला. वय होते एकोणचाळीस.

दोन दैनंदिन्या

या प्रवासाच्या दोन नोंदवह्या आहेत, ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही. आल्बेर्तो ग्रानादो यांची दैनंदिनी १९७८ मध्ये प्रकाशित झाली. एर्नेस्तोची टिपणे त्याच्या मृत्यूनंतर सुमारे पाव शतकाने जगापुढे आली. दोन्हींच्या आधारे ब्राझीलचे दिग्दर्शक वॉल्टर सॅलेस यांनी २००४ मध्ये चित्रपट काढला. त्या वेळी ऐंशी ओलांडलेले ग्रानादो चित्रीकरणासाठी जुन्या वाटेवर पुन्हा गेले आणि चित्रपटाच्या अखेरीस काही क्षण पडद्यावरही दिसले. ५ मार्च २०११ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, हवाना येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थी अर्जेंटिना, क्यूबा आणि व्हेनेझुएला या तीन देशांत विसर्जित करावयाच्या होत्या. एक जन्मभूमी, एक कर्मभूमी आणि तिसरी, जेथे त्यांनी मित्राला निरोप दिला ती भूमी.

आज आपल्याकडेही अनेक तरुण मोटारसायकलवरून लडाख वा कन्याकुमारीकडे निघतात. वाहनाची तपासणी, इंधन, औषधे, शिरस्त्राण, विमा यांची यादी ते काळजीपूर्वक करतात आणि ते योग्यच आहे. सोबती कोण असावा, हा प्रश्न मात्र यादीत नसतो. आपल्यासारखाच स्वभाव असलेला मित्र हा उत्तम सहप्रवासी असतोच असे नाही. एर्नेस्तोला साहसाची घाई होती. आल्बेर्तोला थांबता येत होते. मिरामारला आठ दिवस तो थांबला, रुग्णालयाबाहेर थांबला, सुई उकळेपर्यंत थांबला. आणि काराकासला, मित्राला थांबवून न घेता, त्याने जाऊ दिले.

कर्जाच्या कागदांवर ऋणकोच्या स्वाक्षरीखाली जामीनदाराचीही स्वाक्षरी असते. व्यवहार सुरळीत पार पडला तर तिच्याकडे कोणी पाहत नाही. तथापि ती नसेल तर व्यवहारास प्रारंभच होत नाही. १९५२ च्या त्या प्रवासावर आल्बेर्तो ग्रानादो यांची अशी स्वाक्षरी आहे.